कापड लाल झाले म्हणून गाडी रंगवायची का?

वाचकाचे पत्र: "माझ्या वडिलांनी २००४ साली घेतलेली लाल मारुती ८०० आजही आमच्या रत्नागिरीच्या घरी आहे आणि आठवड्यातून तीन-चार वेळा बाहेर निघते. इंजिन उत्तम आहे, नोंदणीचे नूतनीकरण २०२९ पर्यंतचे झाले आहे. मात्र रंगाची पार रया गेली आहे. छत आणि डिकी खडू फासल्यासारखी पांढरट दिसतात आणि ओल्या कापडाने घासून पुसले तर कापड लाल होते. २०१२ साली एका किरकोळ अपघातानंतर बॉनेट आणि डावे पुढचे मडगार्ड रंगवून घेतले होते. तेथे आता पापुद्रे सुटत आहेत. उजव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला मुगाएवढे तीन-चार फोडही आले आहेत. भावाचे म्हणणे असे की, दिवाळीच्या आत संपूर्ण गाडी रंगवून घ्यावी आणि लालऐवजी चंदेरी करावी. पेंटरने ४२,००० रुपये सांगितले आहेत. मुलाचे म्हणणे, ३,५०० रुपयांत रबिंग-पॉलिश करून वर सिरॅमिक कोटिंग करावे. पेंटर म्हणतो, पॉलिशने उरलासुरला रंगही निघून जाईल. विमा एजंट म्हणतात, क्लेम टाकून दोन-तीन भाग रंगवून घेता येतील. गाडी विकायची नाही. वडील ऐंशीचे आहेत आणि त्यांना ती लालच हवी आहे. आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी एकाच नावाखाली आली आहेत, आणि घरातली ओढाताणही त्यामुळेच होत असावी असे मला वाटते. छत आणि डिकी यांचा मूळ रंग वरवर जळला आहे. त्यांना रबिंग-पॉलिश पुरेल. बॉनेट आणि मडगार्ड यांवर २०१२ साली दिलेल्या रंगाचे थर एकमेकांपासून सुटू लागले आहेत. तेथे पॉलिशचा काही उपयोग होणार नाही, ते दोन भाग पुन्हा रंगवावेच लागतील. दाराच्या कडेचे फोड मात्र पत्र्याचे दुखणे आहे. त्यांचा उल्लेख तुम्ही एका ओळीत उरकला आहे, पण सर्वांत आधी हात घालायला हवा तो तेथेच. संपूर्ण गाडी रंगवण्याची गरज तुमच्या वर्णनावरून मला दिसत नाही.

आधी लाल झालेल्या कापडाविषयी लिहितो, कारण त्या कापडाने तुम्हा सगळ्यांना घाबरवले आहे. मोटारींना रंग देण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत प्रायमरवर रंगाचा एकच जाड थर असतो आणि चमकही त्याच थरात असते. दुसरीत रंगाचा पातळ थर देऊन त्याच्यावर बिनरंगी, काचेसारखा क्लिअर कोट चढवतात; मेटॅलिक रंग बहुधा याच पद्धतीने दिलेले असतात. तुमच्या छतावरून कापडाला लाली लागते याचा अर्थ तेथे क्लिअर कोट नाही, तुम्ही थेट रंगालाच हात लावत आहात. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातली राळ वर्षानुवर्षे तुटत जाते, तिने धरून ठेवलेली रंगद्रव्याची पूड मोकळी होते आणि पृष्ठभागावर भुकटीसारखी साचते. तुमच्या कापडाला लागली ती ही मेलेली भुकटी. तिच्याखाली जिवंत रंग शिल्लक आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर घरच्या घरी मिळते.

सकाळी ऊन चढण्यापूर्वी छतावर तांब्याभर पाणी ओता आणि पाणी असेपर्यंत नीट पाहा. ओले असताना छत पूर्वीसारखे गडद लाल दिसत असेल आणि वाळताच पुन्हा पांढरट पडत असेल, तर दोष केवळ वरच्या खरखरीतपणाचा आहे. पाणी त्या बारीक खाचा भरून काढते तोवर रंग दिसतो, आणि जे काम पाणी दोन मिनिटांसाठी करते तेच पॉलिश अधिक काळासाठी करू शकते. ओले असतानाही एखादा डाग राखाडी, पिवळट किंवा दुधाळच राहिला, तर तेथे रंग संपून प्रायमर वर आला आहे किंवा थर सुटला आहे, आणि तेथे पॉलिशवर पैसे घालू नयेत. हीच परीक्षा बॉनेटवरही करा. तेथे पापुद्र्यांच्या कडेने दिसणारे नकाशासारखे पांढरे पट्टे पाण्याखालीही तसेच राहतील असा माझा अंदाज आहे.

पाण्याच्या परीक्षेत छत उतरले, तर एक पाऊल पुढे जाऊन वीतभर जागेवर प्रत्यक्ष करून पाहा. डिकीच्या मध्यावर, कड आणि उंचवटे टाळून, मास्किंग टेपने चौकोन आखा. ती जागा गाडी धुण्याच्या शाम्पूने स्वच्छ धुऊन कोरडी करा. मग मऊ सुती कापडाची घडी थोडी ओलसर करून तिच्यावर बोराएवढे रबिंग कंपाउंड घ्या आणि हलक्या हाताने, आधी आडवे आणि मग उभे, वीस-पंचवीस हात फिरवा. पहिल्या काही हातांतच घडी गडद लाल होईल, घाबरू नका. कंपाउंड वाळण्यापूर्वी स्वच्छ मायक्रोफायबर कापडाने पुसून घ्या, पुन्हा एकदा तसेच करा आणि शेवटी बारीक पॉलिशचा हात द्या. टेप काढल्यावर आतला चौकोन आणि बाहेरची डिकी यांत जो फरक दिसेल, तोच पॉलिशवाल्याकडून तुम्हाला मिळू शकणारा फरक आहे. तो चौकोन वडिलांना दाखवा. घरातला निम्मा वाद त्याच जागी मिटेल, असे मी अनुभवाने सांगतो.

पॉलिशने रंग झिजतो, हे पेंटरचे म्हणणे खरे आहे. फक्त किती झिजतो ते त्यांनी सांगितलेले नाही. कारखान्यातून आलेल्या मोटारीवर प्रायमरपासून वरच्या थरापर्यंत सगळे मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन रंग असतो, म्हणजे माणसाच्या दीड-दोन केसांच्या जाडीएवढा. त्यातला वरचा, डोळ्यांना दिसणारा थर ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास असतो. जाणत्या हाताने केलेल्या एका रबिंगमध्ये त्यातले दोन-चार मायक्रॉन जातात. म्हणजे एका वेळच्या पॉलिशने रंग संपत नाही. पण दर दिवाळीला रबिंग मारून घेण्याची सवय लागली, तर काही वर्षांत तो संपतोही. यासाठी गॅरेजमध्ये रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र असेल, तर छताच्या चार-पाच ठिकाणी ते टेकवून आकडे लिहून घ्यावेत. नव्वदच्या वर आकडे असतील तर निर्धास्तपणे काम करावे. साठ-सत्तरच्या खाली असतील तर कंपाउंड न वापरता केवळ बारीक पॉलिश आणि मेण यांवर थांबावे. २०१२ साली रंगवलेल्या बॉनेटवर हाच आकडा दोनशेच्या पुढे जाईल. चारशे-पाचशे दिसला, तर खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे असे समजावे.

यंत्राने पॉलिश करणाऱ्याला दोन गोष्टी स्पष्टपणे सांगा. दारांच्या कडा, बॉनेटच्या रेघा आणि छताच्या पन्हाळीच्या काठावर रंग सर्वांत पातळ असतो. तेथे टेप लावूनच यंत्र फिरवावे, कारण वेगाने फिरणारे लोकरी पॅड त्या कडांवरचा रंग क्षणार्धात जाळून खालचा प्रायमर उघडा करते. दुसरे म्हणजे, काम झाल्यावर तेलकट ड्रेसिंगचा हात देऊ नये. डिझेलच्या बोळ्याने किंवा सिलिकॉनयुक्त ड्रेसिंगने जुनी गाडी दोन दिवस नव्यासारखी चकाकते आणि गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पहिल्या धुण्यात ती चमक वाहून जाते. ताब्यात घेण्यापूर्वी तळहाताएवढा भाग शाम्पूच्या पाण्याने धुऊन पाहण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

आता बॉनेट आणि मडगार्डाकडे येऊ. या दोन भागांवर त्या वेळी रंगावर क्लिअर कोट दिला गेला असावा. म्हणूनच तेथे भुकटी न धरता पापुद्रे सुटत आहेत. क्लिअर कोट एकदा खालच्या रंगापासून सुटला की त्याच्या कडेतून पाणी आत शिरते आणि पापुद्रा पुढे पुढे सरकत जातो. पॉलिशचे यंत्र त्या कडेला लागले तर तो आणखीच उचकटतो, आणि उघड्या पडलेल्या रंगाला स्वतःची चमक नसल्यामुळे तो कितीही घासला तरी मळकटच दिसतो. सुटलेला थर पूर्णपणे घासून काढणे, प्रायमर देणे आणि पुन्हा रंगवणे एवढाच मार्ग तेथे उरतो. सुदैवाने बॉनेट आणि पुढचे मडगार्ड हे दोन्ही भाग बोल्टांवर बसवलेले असतात, त्यामुळे ते उतरवून, कडा आणि आतली बाजू धरून नीट रंगवता येतात. गाडीला लावलेल्या अवस्थेतच, काचेवर वर्तमानपत्र चिकटवून रंगवण्यापेक्षा हा मार्ग नक्कीच चांगला आहे आणि त्यासाठी थोडी जास्त मजुरी द्यावी लागली तरी द्यावी.

या दोन भागांचा रंग बारा-तेरा वर्षांत सुटला आणि मूळ रंग वीस वर्षे उन्हात तापूनही पत्र्याला धरून राहिला, याकडे तुमच्या भावाचे लक्ष आवर्जून वेधा. कारखान्यात गाडीचा उघडा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात, विजेच्या साहाय्याने तो प्रायमर सांध्या-कोपऱ्यांत बसवतात आणि १६० ते १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात; वरचा रंगही १४० अंशांच्या आसपास भाजला जातो. तयार गाडीत वायरिंग, रबर आणि प्लास्टिक असल्यामुळे चांगल्यात चांगल्या गॅरेजची भट्टीही ६० अंशांच्या आसपासच चालवावी लागते. गॅरेजचा रंग हार्डनर घालून रासायनिक रीतीने कडक होतो. तो उत्तम असू शकतो, पण कारखान्यातल्या त्या तळाच्या थराची बरोबरी तो करू शकत नाही. तुमच्या छतावर, दारांवर आणि मागच्या भागावर हा मूळ थर अजून शाबूत आहे. केवळ सगळीकडे एकसारखी चमक यावी म्हणून तो घासून त्यावर नवा रंग चढवणे मला पटत नाही, आणि ४२,००० रुपयांतला मोठा भाग याच अनावश्यक कामावर जाणार आहे.

दाराच्या फोडांविषयी मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या एका गोष्टीत मी स्वतः पोळलो आहे.

अलिबागला राहत असताना माझ्याकडे १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी होती. तिच्या दाराखालच्या रनिंग बोर्डवर असेच बारीक फोड आले होते. दिवाळी तोंडावर होती, मी संपूर्ण गाडी रंगवायला दिली आणि आठ दिवसांनी आरशासारखी चकचकीत गाडी घेऊन घरी आलो. पुढच्या श्रावणात त्याच जागी फोड परत आले, या वेळी शेंगदाण्याएवढे. मी स्क्रूड्रायव्हरने एक फोड दाबला, तर पाते दांड्यापर्यंत आत गेले आणि ओलसर, चॉकलेटी भुसा बाहेर आला. रंगाच्या खाली बोटभर जाडीची लांबी होती आणि लांबीच्या खाली पत्राच उरला नव्हता. भोकावर जाळी बसवून तिच्यावर लांबी लिंपलेली होती. मला त्या कामाचे बिल मिळाले होते, त्यात 'डेंटिंग' असा शब्द होता, आणि पत्रा उघडा असताना मी एकदाही पाहायला गेलो नव्हतो. शेवटी नव्या पत्र्याची पट्टी कापून वेल्डिंग करावे लागले आणि तो भाग दुसऱ्यांदा रंगवावा लागला. रंगाखाली गंज कसा चालतो हे मला त्या दिवशी समजले, आणि तेव्हापासून रंगाविषयी कोणीही सल्ला विचारला की मी आधी गाडीखाली वाकून कडा पाहतो.

तुमच्या दारातही पाणी आतूनच आले आहे अशी माझी जवळजवळ खात्री आहे. काचेच्या रबरी पट्टीजवळून पावसाचे पाणी प्रत्येक दारात उतरतेच. ते बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी लहान भोके ठेवलेली असतात. जांभ्याच्या धुळीने ही भोके बुजली की पाणी आणि चिखल दाराच्या तळाशी साचून राहतात. तुमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा असतो. अशा हवेत दुमडलेल्या पत्र्याची ती घडी सडायला वेळ लागत नाही. आजच दार उघडून खालच्या कडेवरून बोट फिरवा, भोके शोधा आणि बांबूच्या काडीने मोकळी करा. लाल पाणी किंवा चिखल गळाला, तर चारही दारांची भोके मोकळी करून आत पाण्याचा हलका फवारा मारा. नंतर स्क्रूड्रायव्हरच्या बोथट टोकाने प्रत्येक फोड बेताने दाबून पाहा. पापुद्रा निघून खाली खडबडीत पण टणक पत्रा लागला, तर गंज वरवरचा आहे. तो खरवडून स्वच्छ, चकचकीत धातू दिसेपर्यंत घासून, इपॉक्सी प्रायमर देऊन तेवढा भाग रंगवता येईल. टोक आत गेले, तर पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करणे किंवा दार बदलणे एवढेच पर्याय उरतात. दार बिजागरीवर असल्यामुळे जुन्या बाजारातून चांगल्या अवस्थेतले दार मिळाले, तर ते पुष्कळदा स्वस्त आणि अधिक टिकाऊ ठरते. त्याच वेळी गाडीखाली वाकून रनिंग बोर्ड, चाकांच्या कमानी आणि स्टेपनीखालचा तळही पाहून घ्या. तेथे गंज निघाला, तर पॉलिश आणि रंग दोन्ही बाजूला ठेवून पैसे आधी पत्र्याकडे वळवावे लागतील. गंजावर काळे डांबरी अंडरकोटिंग मारून देण्याची तयारी कोणी दाखवली, तर नकार द्या. त्याखाली ओल कोंडली जाते आणि दुखणे डोळ्यांआड वाढत राहते.

पेंटरशी बोलताना एक अट सर्वांत आधी घाला: पत्रा उघडा केल्यावर, लांबी भरण्यापूर्वी मला बोलवायचे, मी येऊन पाहिल्याशिवाय पुढे जायचे नाही. ही अट मान्य नसणाऱ्याकडे काम देऊ नका. मग विचारा की उघड्या पत्र्यावर कोणता प्रायमर देणार, आणि रंग एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) आहे की हार्डनर घालायचा पी.यू. (पॉलियुरेथेन) आहे. स्वस्तातला एन.सी. रंग लवकर वाळतो आणि चटकन चमक देतो, पण उन्हात लवकर मरतो, पी.यू.च घ्यावा. लांबी शक्य तेवढी पातळ असावी आणि ती कोरडीच घासावी. आपल्याकडे वॉटर पेपर आणि पाणी घेऊन लांबी घासण्याची सर्रास पद्धत आहे, पण लांबी पाणी शोषून घेते, ते पाणी रंगाखाली कोंडले जाते आणि दोन पावसाळ्यांत फोड होऊन वर येते. गाडीला पूर्वी कधी सिलिकॉनचे ड्रेसिंग किंवा टेफ्लॉन कोटिंग झाले असेल, तर तेही पेंटरला सांगा, कारण त्याचा अंश राहिला तर ओल्या रंगावर माशाच्या डोळ्यासारखे बारीक खड्डे पडतात. आणि हे काम घराच्या पडवीत स्वतः करण्याचा विचार मुलाच्या मनात असेल, तर त्याला थांबवा. पी.यू.च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांच्या फवाऱ्याने दम्याचा कायमचा विकार जडू शकतो आणि साध्या कापडी मास्कने त्यापासून संरक्षण होत नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. पॉलिश आधी करा आणि बॉनेटचा रंग नंतर जुळवा. मूळ रंगाचा कोड पेंटरला मिळेल, पण वीस वर्षे उन्हात राहिलेला लाल त्या कोडाशी तंतोतंत जुळत नाही, म्हणून डोळ्यांनी जुळवणी करावी लागते. पॉलिशपूर्वी जुळवणी केली, तर पेंटर पांढरट पडलेल्या दारांशी मेळ घालील, आणि दुसऱ्या दिवशी पॉलिश होऊन दारे उजळली की बॉनेट फिके दिसेल. उजवे मडगार्ड आणि डावी दारे आधी उजळून घ्या, रंगाचा नमुना एका पत्र्याच्या तुकड्यावर फवारून वाळू द्या आणि तो दिवसाउजेडी गाडीला लावून पाहा. ट्यूबलाइटखाली पाहिलेल्या लालवर विश्वास ठेवू नका. पुढच्या आणि मागच्या भागांत किंचित फरक राहीलच, हे आधीपासून मान्य करा. इतक्या जुन्या लाल गाडीत तो कोणत्याही पेंटरला पूर्णपणे टाळता येत नाही.

भावाच्या चंदेरी रंगाला माझा विरोध वडिलांच्या इच्छेसाठी आहेच, पण त्याला व्यावहारिक कारणेही आहेत. रंग बदलायचा म्हणजे दारांच्या चौकटी, बॉनेटची आतली बाजू, डिकीचे काठ आणि इंजिनाभोवतीचा पत्रा, हे सगळे रंगवावे लागते. ४२,००० रुपयांच्या दरात ते धरलेले नसावे असे मला वाटते. ते न केल्यास प्रत्येक वेळी दार उघडले की आतला लाल दिसेल. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडीचा रंग लिहिलेला असतो, त्यामुळे बदलाची नोंद आरटीओत करून घ्यावी लागेल आणि विमा कंपनीलाही कळवावे लागेल. तोच लाल पुन्हा देण्यात यांतले काहीच करावे लागत नाही.

विमा एजंटांच्या सूचनेविषयी माझे मत परखड आहे. उन्हाने उडालेला रंग आणि गंज ही झीज आहे आणि मोटार विम्यात झिजेची भरपाई नसते. ती मिळवायची तर न झालेला अपघात कागदावर घडवावा लागतो. ते खोटे विधान तुमच्या सहीने होईल, एजंटांच्या नाही. शिवाय साठलेला नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, जाईल. त्या वाटेला जाऊ नका.

मुलाच्या सिरॅमिक कोटिंगला मी आताच होकार देणार नाही. ते कोटिंग म्हणजे रंगावर बसणारा पारदर्शक, कडक थर; तो खालच्या रंगाला टिकवतो, सुधारत नाही. आणि एकेरी थराच्या जुन्या लालवर त्याच्या किमतीएवढा लाभ मिळेल असे मला वाटत नाही. पॉलिशनंतर दर तीन महिन्यांनी मेणाचा हात दिला, तर या गाडीला तेवढे पुरे आहे, आणि ते काम मुलगा रविवारी सकाळी तासाभरात करू शकेल. मेण न लावल्यास मात्र हा लाल काही महिन्यांत पुन्हा पांढरट पडू लागेल, हे त्याला स्पष्ट सांगा. नव्याने रंगवलेल्या बॉनेटला आणि मडगार्डाला पहिले एक-दोन महिने मेण लावू नये. रंगातले द्रावक उडून जायला तेवढा वेळ द्यावा लागतो.

दिवाळीची मुदत पॉलिशपुरती पाळा. छत, डिकी आणि दारे दिवाळीपूर्वी उजळून घ्या, म्हणजे वडिलांना सणाला लाल गाडी दिसेल. रंगकामाची मात्र घाई करू नका. ऑक्टोबरात कोकणातली हवा दमट असते, आणि दमट हवेत फवारलेल्या रंगावर, विशेषतः चांगली भट्टी नसलेल्या ठिकाणी, दुधाळ साय धरते. दिवाळीपूर्वी प्रत्येक पेंटरकडे गाड्यांची रांगही लागलेली असते आणि वाळवण्याच्या वेळेत काटछाट होते ती याच दिवसांत. डिसेंबर-जानेवारीत कोरडी हवा मिळेल आणि पेंटरला सवड असेल. तोवर बॉनेटचे सुटलेले पापुद्रे नखाने ओढू नका, आणि दाराची भोके मोकळी ठेवा.

गाडी आंब्याखाली उभी राहत असेल, तर जागा बदलता येते का पाहा. आंब्याचा चीक आणि पाखरांची विष्ठा उन्हात तापली की रंगात खोल डाग पाडतात. दिसताच भरपूर पाण्याने भिजवून काढावीत. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी झटकण्याची आपल्याकडची सवय तुमच्या घरीही असेल, तर ती सोडा. जांभ्याच्या धुळीचे कण फडक्याखाली पॉलिश पेपरसारखे काम करतात आणि उजळलेल्या लालवर गोल गोल ओरखडे उमटवतात. आधी पाण्याने धूळ वाहू द्यावी आणि मगच हात लावावा. प्लास्टिकचे झाकणही पावसाळ्यात घालू नये. त्याच्याखाली वाफ कोंडते.

स्क्रूड्रायव्हर लावून पाहिल्यावर दाराचा पत्रा टणक लागला की टोक आत गेले, ते मला कळवा. आत गेले असेल, तर दार बदलावे की पट्टी वेल्ड करावी याचे उत्तर सडलेला भाग किती लांबवर पसरला आहे यावर ठरेल. तेव्हा दार उघडून खालच्या कडेचा आतून आणि बाहेरून, शेजारी मोजपट्टी ठेवून, एकेक फोटो काढा आणि पत्रासोबत पाठवा.